अकलेचे तारे

पहिल्या ओळीत एक तारा, दुसरीत दोन, तिसरीत तीन. असा पाच ओळींचा त्रिकोण छापणारा प्रोग्राम लिहा. गुण ५.

पायथॉनमधला लूप शिकलेला आणि हा प्रश्न न सोडवलेला विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. डिप्लोमा असो, बीसीए असो, स्टेशनजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चालणारा क्लास असो की यूट्यूबवरचा चार तासांचा 'वन शॉट', लूपचं प्रकरण आलं की तारे आलेच. आधी सरळ त्रिकोण, मग उलटा, मग मधोमध आणलेला पिरॅमिड, मग दोन पिरॅमिड पायाला पाय लावून केलेला डायमंड. मराठीत अकलेचे तारे तोडतात. आपल्या अभ्यासक्रमाने ते छापायची सोय केली आहे.

माझं भांडण ताऱ्यांशी आहे, आणि त्यांच्यामागे दडलेल्या एका समजुतीशी जास्त आहे. समजूत अशी, की लूप म्हणजे एखादं काम अमुक वेळा करणं. पहिल्या तासाला ही व्याख्या फळ्यावर येते आणि मुलं ती गळ्यात बांधून पुढे जातात. व्याख्या खोटी नाही, पण अर्धी आहे. काम परत परत करणं हा लूपचा सोपा भाग. तो यंत्र करतं, न कंटाळता करतं. माणसाने ठरवायचा भाग एकच: थांबायचं कधी? ताऱ्यांच्या त्रिकोणात हा प्रश्न उगवतच नाही. पाच ओळी म्हणजे पाच ओळी. शेवट प्रश्नपत्रिकेतच छापून आलेला असतो.

यात कुणाचं काय बिघडतं? शनिवार-रविवारी माझ्याकडे काही मुलं शिकायला येतात, बरीचशी मराठी माध्यमातली. त्यातली निम्मी येतानाच सांगतात, "सर, मला लॉजिक नाही जमत." काय जमत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "पॅटर्न." म्हणजे कुठल्या ओळीत किती स्पेस सोडायच्या आणि किती तारे काढायचे, हे आतला लूप आणि बाहेरचा लूप यांच्या भाषेत सांगता येत नाही, एवढ्यावरून अठरा वर्षांच्या मुलीने ठरवून टाकलेलं असतं की प्रोग्रामिंग आपल्यासाठी नाही. हीच मुलगी घरी दूध घालणाऱ्या चाळीस गिऱ्हाइकांचा महिन्याचा हिशेब करते. कुणाचे खाडे किती, कुणाची मागची बाकी किती, कुणाला या महिन्यात वगळायचं, सगळं. तो हिशेब लूपच आहे, आणि त्रिकोणापेक्षा कितीतरी अवघड आहे. पण हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

न्यायाने बोलायचं तर त्रिकोण अगदीच निरुपयोगी नाही. ओळीचा क्रमांक आणि ताऱ्यांची संख्या यांचं नातं शोधायला थोडा विचार लागतो. पण पायथॉनमध्ये एक ओळ छापायला आतला लूप लागतच नाही. ताऱ्याला ओळीच्या क्रमांकाने गुणलं की तेवढे तारे मिळतात. भाषेतच तशी सोय आहे. एखाद्या चलाख मुलाने तसं लिहिलं तर त्याचे गुण कापले जातात, कारण 'नेस्टेड लूप अपेक्षित होता'. भाषा एक सांगते, परीक्षक दुसरंच मागतो.

हे मागणं येतं सी भाषेतून. आपल्याकडे पायथॉन शिकवणारे बरेच जण सी शिकून आले, आणि त्यांच्या पायथॉनला सीचा हेल आहे. त्याची खूण म्हणजे 'फॉर आय इन रेंज लेन'. यादीतल्या वस्तू हव्या असतात, पण हे आधी यादीची लांबी काढणार, शून्यापासून आकडे मोजणार आणि त्या आकड्याने यादीत हात घालून वस्तू बाहेर काढणार. पायथॉनचा फॉर मुळात आकड्यांचा नाहीच, तो वस्तूंचा आहे. तांदूळ निवडताना आपण दाण्यांना नंबर देत बसत नाही. एकेक दाणा बघतो, खडा लागला तर बाजूला टाकतो. मराठीत 'एकेक' हा शब्द आहे, 'घरोघरी' आहे, 'दारोदारी' आहे. फॉरचा अर्थ मराठी मुलाला त्या शब्दांतून एका मिनिटात कळतो. त्याला आय आणि जे यांच्या रानात आपण नेऊन सोडतो.

खाली जो थोडा कोड येणार आहे, तो सगळाच देवनागरीत लिहिलाय. यातले फॉर, इफ, ब्रेक वगैरे शब्द प्रत्यक्ष टाइप करताना रोमन लिपीत करावे लागतात. पण नावं देवनागरीत ठेवायला पायथॉन ३ ची काहीच हरकत नसते. 'प्रवासी' नावाचा व्हेरिएबल तिथे बिनतक्रार चालतो. २००८ पासून चालतोय. हेही वर्गात कुणी सांगत नाही, असो.

एसटीच्या कंडक्टरचा लूप बघा.

फॉर प्रवासी इन बस:
    इफ प्रवासी.पास:
        कंटिन्यू
    इफ रोल_संपला():
        ब्रेक
    तिकीट_फाड(प्रवासी)

कंटिन्यू हा शब्द नवशिक्यांना हमखास फसवतो. इंग्रजीत त्याचा अर्थ 'चालू ठेव', म्हणून मुलांना वाटतं की कंटिन्यू लिहिलं की खालचं काम चालू राहील. होतं उलटं. या फेरीतलं उरलेलं काम सोडून लूप पुढच्या वस्तूवर जातो. त्याला नेमका मराठी शब्द रेशनच्या रांगेत सापडतो: "पुढचा!" कंटिन्यू म्हणजे "पुढचा!" ज्याच्याकडे पास आहे त्याला तिकीट नाही, पुढचा! मी हे एवढंच सांगतो आणि मग कंटिन्यू आणि पास यांच्यातला गोंधळही मिटतो. पायथॉनमध्ये 'पास' नावाचा एक वेगळा शब्द आहे. तो काहीच करत नाही, नुसती जागा धरतो. बसमध्ये रुमाल टाकून ठेवावा तसा. (वरच्या कोडमधला पास अर्थातच एसटीचा.)

आणि ब्रेक? रोल संपला, आता कुणालाच तिकीट फाडता येत नाही, फेरी बंद.

इथे दुसरा पक्ष भांडायला उभा राहतो. हा पक्ष ताऱ्यांच्या पक्षापेक्षा जास्त शिकलेला आहे आणि म्हणून जास्त त्रासदायक आहे. त्यांचं म्हणणं, ब्रेक वापरणं ही वाईट सवय. लूपमध्ये शिरायची वाट एक, बाहेर पडायची वाट एक, आणि ती वाट लूपच्या पहिल्या ओळीतल्या अटीतूनच गेली पाहिजे. मधूनच उडी मारून बाहेर पडणारा प्रोग्रामर म्हणजे चालत्या बसमधून उतरणारा प्रवासी. काही ठिकाणी ब्रेक दिसला की परीक्षक लाल शाईने गोल करतात.

हा सोवळेपणा कुठून आला, त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मार्च १९६८ मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा यांचं एक पत्र 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये छापून आलं. गो-टू हे विधान घातक आहे, अशा अर्थाचा मथळा त्यावर होता. तो मथळाही डाइक्स्ट्रांचा नव्हे. संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलेला. पत्राचा रोख गो-टूवर होता. त्या काळी प्रोग्राममधल्या कुठल्याही ओळीवरून कुठल्याही ओळीवर उडी मारता यायची, आणि मग कोड वाचणाऱ्याला आपण नक्की कुठे आहोत हेच समजेनासं व्हायचं. ब्रेक तसा मोकाट नाही. तो एकाच ठिकाणी नेतो, लूप संपल्यानंतरच्या पहिल्या ओळीवर. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७४ मध्ये लांबलचक निबंध लिहून दाखवून दिलं, की लूपच्या मधोमध बाहेर पडावं लागणं ही खरीखुरी, वारंवार येणारी गरज आहे. हे सगळं होऊन पन्नास वर्षं झाली. आमच्या लाल शाईपर्यंत बातमी अजून पोचायची आहे.

मधोमध बाहेर पडणं म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात रोज दिसतं. आमटीत मीठ घालायचं आहे. चव बघा. बरोबर असेल तर थांबा. नसेल तर चिमूटभर मीठ घाला आणि परत चव बघा. यात चव बघण्याची कृती मीठ घालण्यापेक्षा एकदा जास्त होते. तीन चिमटी मीठ घातलं तर चव चारदा बघितलेली असते. म्हणजे लूप पूर्ण तीनदा फिरला आणि चौथ्यांदा अर्धाच. जाणकार याला दीड लूप म्हणतात. सरळ लिहिला तर तो असा दिसतो:

व्हाइल ट्रू:
    चव = चाख()
    इफ चव == 'बरोबर':
        ब्रेक
    मीठ_घाल()

सोवळ्यात लिहायचा तर असा:

चव = चाख()
व्हाइल चव != 'बरोबर':
    मीठ_घाल()
    चव = चाख()

फरक बारीक आहे, पण बघा: चाखण्याची ओळ दोनदा लिहावी लागली. एकदा लूपच्या बाहेर, एकदा आत, तीही शेवटी. माणूस 'चाखा, मग ठरवा' असा विचार करतो आणि कोड मात्र 'ठरवा, घाला, मग पुढच्या वेळेसाठी चाखून ठेवा' असं सांगतो. नवशिका इथेच घसरतो. आतली चाखायची ओळ विसरतो, आणि लूप अनंतकाळ मीठ घालत बसतो.

हे माझ्या मनाचं नाही. येल विद्यापीठातले इलियट सोलोवे, जेफ्री बोनार आणि केट एर्लिख यांनी १९८३ मध्ये नेमकं हेच तपासलं. विद्यार्थ्यांना काम दिलं: आकडे वाचत जा, ९९९९९ आला की थांब आणि आधीच्या आकड्यांची सरासरी सांग. काहींना नेहमीची पास्कल भाषा दिली, काहींना पास्कलचाच एक बदललेला अवतार, ज्यात लूपच्या मधून बाहेर पडता येत होतं. मधून बाहेर पडायची मुभा असलेल्यांचे प्रोग्राम जास्त वेळा बरोबर आले. नवखे असोत की मुरलेले, सगळ्या पातळ्यांवर. १९९५ मध्ये एरिक रॉबर्ट्स यांनी हाच वाद पुन्हा उकरून काढला आणि शिक्षकांना सांगितलं, की मुलांना ब्रेक नाकारून आपण त्यांच्याकडून चुकीचे प्रोग्राम लिहून घेतोय. शैली शुद्ध आणि उत्तर चुकीचं, असा सौदा कुठल्याही शहाण्या माणसाने करू नये.

त्या प्रयोगातला ९९९९९ माझा आवडता आहे. तो हिशेबात धरायचा नसतो. तो फक्त 'संपलं' एवढं सांगायला येतो. आपल्या आजीच्या जपमाळेत तो आहे. १०८ मणी आणि एक मेरुमणी. जप करणारी बाई मणी मोजत नाही. बोटाला मेरुमणी लागला की तिला कळतं, फेरी पूर्ण. मेरुमण्याचा जप होत नाही, तो ओलांडायचाही नसतो. किती वेळा, हे तिने डोक्यात ठेवलेलंच नाही. थांबायची खूण माळेतच ओवलेली आहे. मी मुलांना लूप शिकवताना पहिल्या दिवशी रेंज शिकवत नाही, हे शिकवतो: किराणा मालाच्या किमती टाकत जा, काहीही न टाकता नुसतं एंटर दाबलंस की बेरीज सांगून थांब. किती वस्तू येणार, हे दुकानदाराला आधी ठाऊक नसतं. प्रोग्रामलाही नसावं.

आणि इथे मराठीचा एक फायदा आहे, जो इंग्रजी माध्यमातल्या मुलाला नाही. इंग्रजीत 'पाऊस थांबेपर्यंत' म्हणायला अनटिल आहे. पायथॉनमध्ये अनटिल नाही, फक्त व्हाइल आहे. इंग्रजीत विचार करणाऱ्याला अट मनातल्या मनात उलटी करावी लागते: थांबायची अट काढायची, तिच्यापुढे नॉट लावायचं, मग ती चालू राहायची अट होते. ही उलटापालट करताना भलेभले चुकतात. मराठी माणूस साध्या बोलण्यातच म्हणतो, "जोपर्यंत पाऊस थांबत नाही, तोपर्यंत इथेच बसू." नकार वाक्यातच बसवलेला आहे. व्हाइल नॉट! आपलं वाक्य शब्दाला शब्द लावून पायथॉनमध्ये उतरतं. मराठी माध्यमाचा न्यूनगंड घेऊन आलेल्या मुलाला हे एकदा दाखवून बघा. पण दाखवणार कोण? आपण तर मराठीत लूप समजावून सांगणं कमीपणाचं मानतो.

आता पुन्हा आमटीकडे. वरच्या दोन्ही कोडमध्ये एक घोटाळा आहे आणि तो मी मुद्दाम ठेवलाय. आमटी आधीच खारट असेल तर? चव 'बरोबर' नाही, म्हणून मीठ घाल. आणखी खारट. अजूनही 'बरोबर' नाही. घाल. हा लूप डबा रिकामा करूनही थांबणार नाही. अट 'बरोबर होईपर्यंत' अशी नको होती, 'अळणी आहे तोपर्यंत' अशी हवी होती. हसण्यावारी नेऊ नका; शून्यापासून सुरू करून दरवेळी ०.१ मिळवत जा आणि बेरीज १ होईपर्यंत फिर, असा लूप पायथॉनमध्ये लिहून बघा. तो थांबत नाही. संगणकाच्या पोटात ०.१ नेमका ०.१ नसतो, दहा वेळा मिळवून बेरीज १ च्या जराशी अलीकडे राहते, अकराव्या वेळी पलीकडे जाते, आणि 'बरोबर १' कधी लागतच नाही. खारट आमटीच ती.

लॅबमध्ये मुलं अनंत लूपला घाबरतात. स्क्रीन आकड्यांनी भरून वाहायला लागली की काहीजण थेट बटण दाबून मशीन बंद करतात, कारण कंट्रोल धरून सी दाबलं की लूप तुटतो हे कुणी सांगितलेलं नसतं. मी तर पहिल्याच तासाला मुद्दाम अनंत लूप लिहायला लावतो. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये शिकणाऱ्यांनी थांबवायचं बटण कुठे आहे ते आधी शोधून ठेवावं. पोहायला शिकवताना आधी पाण्यात डोकं बुडवायला लावतात, तसंच हे.

शोधाशोधीचा लूप हा दुसरा मोठा खड्डा. मतदारयादीत नाव शोधायचं आहे. नवशिका हटकून असं लिहितो: प्रत्येक नावासाठी, जुळलं तर 'आहे' छाप, नाहीतर 'नाही' छाप. मग पाचशे नावांच्या यादीत प्रोग्राम ४९९ वेळा 'नाही' म्हणतो आणि मध्येच कुठेतरी एकदा 'आहे'. असा कारकून खिडकीत बसला तर लोक त्याला मारतील. 'आहे' म्हणायला एक नाव पुरतं. तिथे ब्रेक लावायचा, पुढची पानं उलटायची गरज नाही. 'नाही' म्हणायला मात्र सगळी यादी संपावी लागते. पायथॉनमध्ये यासाठी लूपलाच एल्स जोडता येतं: लूप ब्रेक न होता संपला, तरच ते चालतं. शब्दाची निवड वाईट आहे, हे मान्य. खुद्द ख्विदो व्हान रॉसम म्हणाले आहेत, की पुन्हा भाषा बनवायची झाली तर ही सोय ठेवणार नाही. रेमंड हेटिंगर सुचवतात की त्याला 'नोब्रेक' म्हटलं असतं तर गोंधळ झाला नसता. मी मुलांना ते तसंच वाचायला सांगतो. 'आहे' आणि 'नाही' यांना वेगवेगळा पुरावा लागतो, ही समज मात्र त्या शब्दापेक्षा मोठी आहे, आणि ती त्रिकोणातून येणार नाही.

ब्रेकच्या विरोधकांकडे एक हुकमी पान असतं. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं फोनचं जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं, कोट्यवधी कॉल लागले नाहीत, आणि मूळ सापडलं ते सी भाषेतल्या चुकीच्या जागच्या एका ब्रेकमध्ये. खरं आहे. पण घडलं काय होतं? तो ब्रेक एका इफच्या आत होता आणि तो इफ एका स्विचच्या आत. ब्रेक इफमधून बाहेर काढत नाही. त्याने स्विचमधून बाहेर काढलं आणि पुढचं आवश्यक काम राहून गेलं. यावरून 'ब्रेक वापरू नका' असा धडा काढणं म्हणजे चाकूने बोट कापलं म्हणून भाजी दातांनी तोडणं. धडा असा आहे, की ब्रेक कशातून बाहेर काढतो हे पक्कं ठाऊक हवं. पायथॉनमध्ये उत्तर सोपं आहे: सगळ्यात आतल्या लूपमधून, फक्त त्याच्यातून. दोन लूप एकदम तोडायचे तर सोय नाही. तशी मागणी २००७ मध्ये आली होती, ख्विदोंनी ती फेटाळली. असं काम वेगळ्या फंक्शनमध्ये टाकून रिटर्न करावं. वर्गात या एका मुद्द्यावर दहा मिनिटं द्यावीत. डायमंडला दोन तास मिळतात.

आता तिसरा पक्ष, वयाने सगळ्यात लहान: "दादा, लूप कोण लिहितं आता? एआय लिहून देतं." देतं, आणि बऱ्याचदा चांगलं देतं. पण ते एआय स्वतः काय आहे? ते वाक्य लिहितं तेव्हा एकेक तुकडा काढत जातं, आणि 'संपलं' अशी खूण असलेला तुकडा आला की थांबतं, नाहीतर ठरवून दिलेली मर्यादा संपली की थांबतं. मेरुमणी! एआयला साधनं देऊन कामाला लावणारे जे एजंट म्हणतात, तेही बाहेरून एक लूपच असतात: विचार, साधन चालव, निकाल बघ, झालं का? आणि 'झालं का'ची अट ढिली असेल तर ते पैसे जाळत गोल गोल फिरतात. लूप हाताने लिहिण्याची गरज कमी होईल, मान्य. दुसऱ्याने लिहिलेला लूप वाचून हा थांबेल का, असं विचारण्याची गरज मात्र वाढत चालली आहे. ज्याने आयुष्यात फक्त आधीच ठरलेल्या पाच ओळी छापल्या, त्याला हा प्रश्न सुचणार कुठून?

त्रिकोणाच्या जागी काय द्यायचं, असं विचारणाऱ्या शिक्षकांसाठी एक सुचवतो. एक आकडा घ्या. सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. १ येईपर्यंत करत राहा. पाच-सहा ओळींचा व्हाइल. २७ टाकलं तर गाडी ९२३२ पर्यंत चढते आणि १११ पायऱ्यांनी १ वर उतरते. हा लूप प्रत्येक आकड्यासाठी थांबतो का? लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रश्न अजून सुटलेला नाही. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलीने आठव्या दिवशी लिहिलेला लूप थांबेलच, याची सिद्धता जगात कुणाकडेच नाही. हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे बघा. डायमंड छापून असा चेहरा झालेला मी पाहिलेला नाही.

आणि परीक्षेला असा प्रश्न द्या. २००८ च्या ३१ डिसेंबरला मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झ्यून म्युझिक प्लेअर जगभर एकाच दिवशी गोठले. मालकांना सांगण्यात आलं, बॅटरी संपू द्या आणि उद्या चार्ज करा. आत असा लूप होता: १९८० पासूनचे एकूण दिवस घ्यायचे आणि त्यातून एकेक वर्ष वजा करत आजचं साल काढायचं.

व्हाइल दिवस > ३६५:
    इफ लीप(साल):
        इफ दिवस > ३६६:
            दिवस -= ३६६
            साल += १
    एल्स:
        दिवस -= ३६५
        साल += १

प्रश्न १: साल २००८ वर आलं आणि दिवस ३६६ उरले, तर या लूपच्या प्रत्येक फेरीत काय घडेल, ते लिहा. गुण २.

प्रश्न २: एकच एल्स आणि एकच ब्रेक वाढवून हा लूप दुरुस्त करा. ते कुठे बसतील आणि का, ते मराठीत सांगा. गुण ३.